धाराशिवची एक रात्र

देवीच्या दर्शनास जावयाचें तें घरांतील सर्वांनीं मिळून, असा आमच्या घराण्याचा जुना शिरस्ता आहे. कुलस्वामिनी तुळजापुरची, बिऱ्हाडें मात्र एक पुण्यास, एक नाशकास आणि एक तर बेंगळुरास. त्यामुळें शिरस्ता पाळावयाचा म्हणजे तीन घरांच्या रजा, परीक्षा आणि गुडघे यांचा मेळ घालावा लागतो. गेल्या मार्गशीर्षांत तो एकदांचा बसला. आम्ही उभयतां, आमची वडील बहीण अक्का, पुतण्या, सूनबाई आणि त्यांचीं दोन मुलें असे सात जण रात्रीच्या गाडीनें निघून पहाटें सोलापुरास उतरलों, आणि तेथून भाड्याच्या मोटारीनें तुळजापुरची वाट धरली.

सोलापूर मागें पडलें म्हणजे दोहों बाजूंस काळीभोर जमीन पसरते. मार्गशीर्षांत त्या जमिनीवर शाळूचीं ताटें कमरेपर्यंत आलेलीं असतात आणि बांधावरील तूर पिवळ्या फुलांनीं लहडलेली असते. हळूहळू रस्ता चढूं लागतो, बालाघाटाच्या रांगेची कड दिसूं लागते, आणि त्या कडेवर बसलेलें तुळजापूर अकस्मात् समोर येतें. पण देऊळ पाहूं जावें तर कोठें दिसत नाहीं. इतर ठिकाणीं देवाकडे चढून जावें लागतें. येथें महाद्वारांतून पायऱ्या उतरून जावें लागतें. जगदंबा डोंगराच्या कुशींत, खोलगट जागीं बसली आहे. मूर्ति अष्टभुजा महिषासुरमर्दिनीची, गंडकी शिळेची. आणि तिचें वैशिष्ट्य असें कीं ती चल आहे, म्हणजे वर्षांतून ठराविक वेळां सिंहासनावरून हलवून तिला पलंगावर निद्रेसाठीं निजवितात.

पायऱ्या उतरतांना प्रथम कल्लोळ तीर्थ लागतें आणि समोर गोमुख तीर्थ. दगडी गाईच्या मुखांतून पाण्याची धार अखंड पडत असते. अक्कानें तेथें हातपाय धुतले, डोळ्यांस पाणी लावलें. धाकट्या नातवानें मात्र शास्त्रज्ञास शोभेल असा प्रश्न विचारला: "एवढें पाणी सारखें येतें, तर मग हें भरून कसें जात नाहीं?" जवळच एक वृद्ध भोपे उभे होते. ते हसून म्हणाले, "बाळा, येण्याला जशी वाट आहे, तशी जाण्यालाही आहे. जाण्याची वाट तुंबली, तर तासाभरांत पायऱ्यांवर पाणी येईल." त्या वेळीं आम्हीं हें उत्तर कानांआड केलें. पुढें चोवीस तासांच्या आंत त्याची आठवण अशा रीतीनें व्हावयाची होती, हें आम्हांस काय ठाऊक!

दर्शन उत्तम झालें. अक्काचें वय अडुसष्ट. तिला पंचविशीपासून जवळचें वाचण्यास त्रास. चष्मा भिंगाचा, जाड, ज्यांतून तिचे डोळे आहेत त्याहून मोठे दिसतात असा. नित्य गुरुचरित्राचा एक अध्याय वाचल्यावांचून ती अन्नास शिवत नाहीं. आदल्या रात्रीं गाडींतील गार हवेनें तिला सर्दी झाली होती. म्हणून पुतण्यानें औषधांच्या दुकानांतून सर्दीच्या गोळ्या आणून दिल्या, आणि तिनें सकाळीं एक व दुपारीं एक अशा दोन घेतल्या. ही क्षुल्लक गोष्ट येथें नमूद करण्याचें कारण पुढें येईल.

दुपारीं आम्ही धाराशिवास गेलों. अंतर पाऊण तासाचें. तेथें आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें घर आहे व त्याचा आग्रह फार दिवसांचा. निजामाच्या अमदानींत, सातव्या निजामाच्या नांवावरून या गांवाचें नांव उस्मानाबाद झालें होतें. तें २०२३ सालीं पुन्हां धाराशिव झालें. अक्काच्या तोंडीं मात्र मधल्या काळांतही दुसरें नांव कधीं आलें नाहीं. लातूर जिल्हा १९८२ सालीं याच जिल्ह्यांतून वेगळा निघाला, आणि राहिलेल्या भागांत तुळजापूर, नळदुर्ग, परांडा, तेर अशीं एकाहून एक प्राचीन स्थळें आहेत. तेर म्हणजे ग्रीक लेखकांचें तगर. रोमन साम्राज्याशीं व्यापार करणारें नगर, आणि पुढें गोरोबाकाकांची कर्मभूमि. आम्हांस तेथें दुसऱ्या दिवशीं जावयाचें होतें. तें राहिलें तें राहिलेंच.

संध्याकाळीं धाराशिवचीं लेणीं पाहण्यास निघालों. गांवापासून अडीचएक कोसांवर, डोंगराच्या कड्यांत, हीं लेणीं कोरलेलीं आहेत. काळ पांचव्या-सहाव्या शतकाचा मानतात. लेणीं मूळ बौद्ध कीं जैन याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. बर्जेस साहेबानें एकोणिसाव्या शतकांत त्यांची मोजमापें घेतलीं. त्यांतील सर्वांत मोठ्या लेण्याचें सभागृह सुमारें ऐंशी फूट लांबरुंद असून भोंवतीं भिक्षूंच्या खोल्या आणि गाभाऱ्यांत पद्मासनस्थ भव्य मूर्ति आहे. कनकामर मुनीच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यांत या लेण्यांचा संबंध करकंड राजाशीं जोडला आहे. राजा येथें आला, मूर्तीजवळ दगडाची एक गांठ त्यास दिसली, ती फोडतांच आंतून पाण्याचा लोट उसळला आणि लेणें भरून गेलें, अशी ती कथा. आम्हीं ती मुलांस मोठ्या रसाळपणें सांगितली. बाहेर सूर्य मावळत होता; आंत अंधार दाटला होता. आम्ही तेथें तासभर तरी होतों. अक्का खांबाला टेकून, मान वांकवून, त्या काळोखांत मूर्तीचा चेहरा न्याहाळीत होती.

परतल्यावर जेवण होतें न होतें तोंच अक्का म्हणाली, "अरे, दिव्याभोंवतीं इंद्रधनुष्य दिसतें आहे." आम्ही म्हणालों, "देवीचा प्रसाद समज!" सगळे हंसले, तीही हंसली. थोड्या वेळानें तिनें कपाळ दाबून धरलें. उजवी अर्धशिशी उठली म्हणाली. नऊच्या सुमारास उलटी झाली. आम्हीं निदान केलें: उन्हांतला प्रवास, उपास, तुळजापुरची गर्दी आणि वर सर्दी, म्हणजे पित्त. कोकमाचें सरबत दिलें, कपाळास सुंठ उगाळून लावली, दिवा मालवला आणि "झोप लागली कीं उतरेल" असें सांगून आम्ही आपले निजावयास गेलों. यजमानानें "डॉक्टरांकडे जाऊं या का?" असें दोनदां विचारलें. "पित्ताला कसला डॉक्टर!" हे शब्द आमच्याच मुखांतून गेले. ते येथें लिहून ठेवतों, कारण या लेखाचें प्रयोजनच तें आहे.

रात्रीं दोनच्या सुमारास सूनबाईनें आम्हांस उठविलें. ती अक्काजवळ निजली होती. अक्का कण्हत नव्हती. ती दांतावर दांत धरून बसली होती, आणि त्यानेंच सूनबाईस भीति वाटली. तिनें दिवा लावून पाहिलें तों उजवा डोळा लालभडक, बुबुळावर धुकें आल्यासारखें, आणि मधली बाहुली डाव्या डोळ्याच्या दुप्पट. तिनें अक्काचा डावा डोळा हातानें झांकला व आपला हात पुढें धरून विचारलें, "आत्याबाई, बोटें किती?" अक्का म्हणाली, "बोटें कुठलीं? हात हालतो आहे एवढें कळतें."

तीन वाजण्याच्या आंत आम्ही शहरांतील एका रुग्णालयांत होतों. पाळीवर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. डोळ्याचा दाब मोजण्याचें यंत्र त्या वेळीं त्यांच्या हाताशीं नव्हतें. त्यांनीं अक्कास डोळे मिटावयास सांगून दोन्ही तर्जनींनीं पापणीवरून प्रथम डावा व मग उजवा डोळा हलकेच चांचपला. मग आमचें बोट धरून तसेंच करविलें. डावा डोळा पिकल्या द्राक्षासारखा. उजवा गोटीसारखा घट्ट. "आजोबा, हें पित्त नाहीं. हा काचबिंदूचा तीव्र झटका आहे. डोळ्यांतलें पाणी तुंबलें आहे." मग त्यांनीं तीन प्रश्न विचारले: गंधकवर्गीय, म्हणजे सल्फाच्या औषधांनीं कधीं अंगावर पुरळ आलें होतें का? मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा कांहीं विकार? हृदयाचा? तिन्हींस उत्तर 'नाहीं' आलें, तेव्हां त्यांनीं प्रथम उलटी थांबविण्याची सुई दिली, आणि थोड्या वेळानें अडीचशें मिलिग्रॅमच्या दोन पांढऱ्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर दिल्या. डोळ्यांत दाब उतरविणारे थेंब घातले, शिरेंतून मॅनिटॉल नांवाचें औषध सुरूं केलें आणि सोलापूरच्या नेत्ररुग्णालयास दूरध्वनि करून आम्हांस पुढें धाडण्याची व्यवस्था केली.

त्या पांढऱ्या गोळीचें नांव अॅसिटाझोलामाइड; बाजारांतील परिचित नांव डायमॉक्स. किंमत अगदीं थोडी. तिचा इतिहास मात्र ऐकण्यासारखा आहे.

आपण श्वास सोडतों तो वायु, कर्बद्विप्राणिद, पाण्यांत मिसळला कीं त्याचें कर्बाम्ल होतें. हें काम आपल्या शरीरांत इतक्या त्वरेनें कसें घडतें, याचा उलगडा १९३३ सालीं केंब्रिजच्या मेल्ड्रम व रफ्टन या दोन संशोधकांनीं केला. रक्तांत एक विकर, म्हणजे किण्वद्रव्य आहे, त्याचें नांव कार्बॉनिक अॅनहायड्रेझ. त्याचा एक कण एका सेकंदांत लाखों वेळां ही क्रिया घडवितो. १९४० सालीं मान व कायलिन यांना आढळलें कीं जंतुनाशक म्हणून दिलेलें सल्फानिलामाइड या द्रव्याचें काम थांबवितें. १९४९ सालीं श्वार्ट्झ यांनीं तें हृदयविकारानें सुजलेल्या रुग्णांस मूत्रल म्हणून देऊन पाहिलें. नंतर त्याहून प्रभावी असें अॅसिटाझोलामाइड तयार झालें, आणि १९५४ सालीं बेकर यांनीं दाखविलें कीं याच्या योगानें डोळ्यांतील दाब उतरतो. जंतूंवरील औषधांतून मूत्रावरचें औषध निघावें आणि त्यांतून डोळ्यावरचें, हा प्रवास आमच्या तुळजापूर-धाराशिव प्रवासाहून कमी वळणांचा नाहीं.

डोळ्यावर हें कसें चालतें, तें सोलापुरास आमच्या व्याह्यांनीं समजाविलें. हे सूनबाईचे वडील. अतिदक्षता विभागांत तीस वर्षें काम केलेले डॉक्टर. आमच्या हातीं कागद देऊन म्हणाले, "गुरुजी, तुम्हीं तुळजापुरास गोमुख पाहिलें ना? डोळ्यांत तसेंच एक गोमुख आहे." बुबुळाच्या रंगीत पडद्यामागें एक कडें असतें; त्यांतून स्वच्छ पाणी सतत झरत असतें. तें बाहुलीतून पुढें येतें आणि पडदा व पारदर्शक पटल जेथें मिळतात त्या कोपऱ्यांतील बारीक जाळीतून निघून जातें. येण्याचा व जाण्याचा हिशेब जमला म्हणजे दाब दहा ते एकवीसच्या दरम्यान राहतो. दीड-दोन तासांत डोळ्याच्या पुढच्या कोठडींतील सर्व पाणी बदलून निघतें.

"आतां तुमच्या अक्का पाहा. जवळचें न दिसणारा डोळा बहुधा आखूड असतो. आंतली कोठडी उथळ, कोपरा अरुंद. वयाबरोबर भिंग जाड होतें आणि पडद्यास पुढें लोटतें. काळोखांत बाहुली मोठी झाली, पडद्याची घडी कोपऱ्यांत जमा झाली आणि दार मिटलें. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत बाहुली मोठी करणारी द्रव्यें असतात. त्यांनीं हातभार लावला. पाणी येतच राहिलें. जाण्यास वाट नाहीं." गोळी काय करते? तर गोमुखच मंदावते. झऱ्यातील पाणी तयार होण्यास तें विकर लागतें; गोळी विकरास अडविते, पाणी कमी येतें, दाब उतरतो, आणि तुंबलेलें दार उघडण्यास वेळ मिळतो. "गोळी दार उघडीत नाहीं," व्याही पुनःपुन्हां सांगत, "गोळी वेळ देते. दार नंतर लेसरनें उघडावें लागतें."

सोलापुरास पोंचल्यावर यंत्रानें दाब मोजला तो चौपन्न भरला, आणि हा औषधें सुरूं झाल्यावरचा आंकडा! आदल्या रात्रीं तो किती असेल, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. दुपारपर्यंत तो तिसांच्या खालीं आला. तेव्हां बाहुली लहान करणारे थेंब सुरूं झाले, कारण दाब फार असतांना पडद्याच्या स्नायूंस ते थेंब लागू पडत नाहींत. दुसऱ्या दिवशीं बुबुळावरचें धुकें निवळल्यावर लेसरनें पडद्याच्या कडेला टांचणीच्या टोंकाएवढें भोंक पाडून पाण्यास नवी वाट करून दिली; आणि डाव्या डोळ्याचा कोपराही तसाच अरुंद असल्यामुळें त्यालाही तसेंच. दहा मिनिटांचें काम.

त्या रात्रीं व्याह्यांच्या घरीं आम्हांस झोंप आली नाहीं. आम्हीं आयुष्यभर संस्कृत शिकविलें. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत नेत्ररोगांची संख्या शहात्तर सांगितली आहे, हें आम्हांस तोंडपाठ. त्यांत अधिमंथ म्हणून एक रोग आहे: डोळा जणू रवीनें घुसळून उपटून काढावा अशी वेदना आणि अर्धें डोकें ठणकणें. आजचे अभ्यासक त्याची तुलना काचबिंदूच्या या तीव्र झटक्याशीं करतात. सुश्रुतानें मुदतीही दिल्या आहेत: उपचार चुकले तर कफज अधिमंथ सात रात्रींत दृष्टि नेतो, वातज सहा, रक्तज पांच, आणि पित्तज मात्र तत्काळ. हा अध्याय आम्हीं अनेकदां वाचला होता. प्रत्यक्ष बहीण समोर अर्धें डोकें धरून बसली, दिव्याभोंवतीं मंडल दिसतें म्हणाली, तेव्हां आम्हीं 'पित्त' हा शब्द तर उच्चारला, पण तो ग्रंथांतला नव्हे, स्वयंपाकघरांतला. ग्रंथ डोक्यांत होता आणि डोळ्यांपुढें नव्हता. सूनबाईनें एकही श्लोक पाठ केला नव्हता. तिनें फक्त दिवा लावून डोळ्याकडे पाहिलें.

पुढील आठ दिवस अक्कास सोलापुरींच ठेवलें. गोळ्या कांहीं दिवस चालू होत्या. त्यांनीं बोटांस मुंग्या येतात, लघवीस वारंवार जावें लागतें; शरीरांतील पोटॅशियम उतरतें म्हणून रक्त तपासावें लागतें. आणखी एक मौज झाली. नातवानें गोटी सोडा आणला. अक्कानें एक घोट घेतला आणि तोंड वाईट केलें: "हा सोडा उतरला आहे. पैसे परत आण!" बाटली तर नुकतीच फुटली होती, फेंस वर येत होता. व्याही पोट धरून हंसले. सोड्याचा तो झणझणीतपणा जिभेला कळतो तोही याच विकरामुळें. गोळीनें तें अडविलें म्हणजे सोडा पाण्यासारखा लागतो. दुकानदार बिचारा निर्दोष ठरला.

याच गप्पांत या लहानशा गोळीचीं इतर कामें कळलीं. लडाखास, अमरनाथास किंवा कैलास-मानससरोवरास जाणाऱ्यांना उंचीवर डोकेंदुखी, मळमळ, झोंप न येणें असा त्रास होतो. १९६२ च्या युद्धानंतर आपले सैनिक एकदम उंचावर न्यावे लागले. त्या अनुभवावरून डॉ. इंदर सिंग व सहकाऱ्यांनीं १९२५ सैनिकांचा जो अभ्यास १९६९ सालीं प्रसिद्ध केला, तो या विषयांत अजून आदरानें उल्लेखिला जातो. अॅसिटाझोलामाइड मूत्रावाटें क्षार बाहेर टाकतें, रक्त किंचित् आम्ल होतें आणि श्वास आपोआप खोल चालतो. म्हणून चढण्याच्या आदल्या दिवसापासून वैद्याच्या सल्ल्यानें ती अल्प मात्रेंत देतात. "पण," व्याही म्हणाले, "गोळी घेतली म्हणून धांवत चढावें, असें नव्हे. झटका तीव्र असला तर एकच खरें औषध: खालीं उतरणें."

अतिदक्षता विभागांत तिचा उपयोग निराळा. मूत्रल औषधांनीं किंवा सततच्या उलट्यांनीं रक्त फार क्षारयुक्त झालें म्हणजे श्वासाची प्रेरणा मंदावते आणि यंत्रावरील रुग्णास यंत्रावरून काढणें कठीण होतें. तेथें ही देऊन पाहतात. परंतु २०१६ सालीं फ्रान्समधील एका मोठ्या प्रयोगांत असें दिसलें कीं रक्ताचे आंकडे सुधारले तरी यंत्रावरचे दिवस लक्षणीय असे कमी झाले नाहींत. उलट २०२२ सालीं बेल्जममध्यें हृदय दुर्बल होऊन अंगांत पाणी सांठलेल्या ५१९ रुग्णांवर प्रयोग झाला. नेहमींच्या मूत्रलाबरोबर ही शिरेंतून दिली तेव्हां तीन दिवसांत सूज पुरती उतरलेल्यांचें प्रमाण शेंकडा ३०.५ वरून ४२.२ वर गेलें. "म्हणजे सत्तर वर्षांची म्हातारी गोळी अजून नव्या नोकऱ्या शोधते आहे," व्याही म्हणाले, "आणि कांहीं ठिकाणीं तिला नकारही मिळतो." जेथें यकृत फार बिघडलें आहे, मूत्रपिंडें थकलीं आहेत, किंवा फुप्फुसें इतकीं जीर्ण आहेत कीं श्वास वाढवूं म्हटलें तरी वाढत नाहीं, तेथें ही गोळी उपकारापेक्षां अपकार करूं शकते. म्हणून धाराशिवच्या त्या डॉक्टरीणबाईंचे तीन प्रश्न गोळीइतकेच महत्त्वाचे होते.

आठव्या दिवशीं अक्कास परवानगी मिळाली. "घरीं जाऊं या," आम्ही म्हणालों. अक्का म्हणाली, "तेर राहिलें, निदान नळदुर्ग तरी दाखव. डोळे आहेत तोंवर पाहून घेतें." या वाक्यापुढें कोण काय बोलणार?

नळदुर्ग सोलापुरापासून हैदराबादच्या रस्त्यावर तासाभराच्या अंतरावर. बोरी नदीनें वळसा घातलेल्या पठारावर हा विस्तीर्ण किल्ला आहे. १८५३ सालीं निजामानें हा मुलूख इंग्रजांकडे दिल्यावर मेडोज टेलर नांवाचा अधिकारी कांहीं वर्षें येथें राहत होता. तुळजापुरच्या ब्राह्मणकन्येवर 'तारा' नांवाची कादंबरी त्यानें पुढें १८६३ सालीं लिहिली. किल्ल्याचें खरें आश्चर्य म्हणजे पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहानें १६१३ सालीं नदीवर दगडी बंधारा घातला व त्या बंधाऱ्याच्या पोटांतच एक महाल बांधला. पावसाळ्यांत नदी भरली म्हणजे पाणी नर व मादी अशा दोन सांडव्यांवरून धबधब्यानें कोसळतें, आणि महालांत बसलेल्या माणसाच्या खिडकीसमोरून पडदा पडल्यासारखें पडतें. आंत मात्र थेंब येत नाहीं. आम्ही गेलों तेव्हां सांडवे कोरडे होते. महालांत गारवा होता व मंद उजेड.

अक्का आंत येण्यास क्षणभर थबकली. काळोखाची तिला भीति वाटली असावी. सूनबाई म्हणाली, "आत्याबाई, आतां भिऊं नका. तुमच्या डोळ्यांना डॉक्टरांनीं सांडवा करून दिला आहे." अक्का हंसली आणि आंत आली. खिडकीपाशीं उभी राहून तिनें डावा डोळा हातानें झांकला व उजव्यानें बाहेर पाहिलें. आम्ही श्वास रोखून उभे होतों. "नदी दिसते," ती म्हणाली. मग थोडें थांबून: "पलीकडची झाडें वेगळालीं दिसत नाहींत. हिरवें एवढें दिसतें."

हें तिनें कुरकुर म्हणून सांगितलें नाहीं. आज ती पोथी डाव्या डोळ्यानें वाचते. उजव्या डोळ्यानें मोठीं अक्षरें लागतात, ओवी लागत नाहीं. नऊ वाजतां निघालों असतों तर ओवी लागली असती का, असें आम्हीं एकदां डॉक्टरांस विचारलें. त्यांनीं थेट उत्तर दिलें नाहीं. आमच्याच डोळ्यांचा कोपरा तपासूं या म्हणाले, कारण हा दोष भावंडांत वाटून येतो. तपासतां आमचाही कोपरा अरुंद निघाला. महिन्याभरांत आमच्याही दोन्ही डोळ्यांस तीं टांचणीएवढीं भोंकें पडलीं. अक्काच्या दुखण्यानें आमचे डोळे वांचले. तिचा मात्र आम्हीं अर्धा घालविला.

म्हणून वाचकांस एवढीच विनंति. घरांत कोणी पन्नाशीच्या पुढें असून जवळचें पाहण्यास पहिल्यापासून जाड चष्मा असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून एकदां 'कोपरा' पाहून घ्यावा. घरांतील एकास हा दोष निघाला तर त्याच्या भावंडांचाही पाहून घ्यावा. सर्दीची गोळी देतांना विचारून द्यावी. आणि कोणी म्हातारें माणूस अर्धें डोकें धरून, उलटी करून, दिव्याभोंवतीं रंगीत कडें दिसतें असें म्हणूं लागलें, तर हंसूं नये, सुंठ उगाळूं नये. दिवा लावून त्याच्या डोळ्याकडे पाहावें, दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का तें पाहावें, आणि रात्र असली तरी निघावें.

पुढच्या मार्गशीर्षांत पुन्हां तुळजापुरास जावयाचें ठरलें आहे. अक्का म्हणते, या खेपेस तेर पाहिल्याशिवाय परतावयाचें नाहीं. गोरोबाकाकांचें दर्शन सकाळच्या उजेडांत घ्यावयाचें, एवढी एक अट सूनबाईनें घातली आहे, आणि ती सर्वांना मान्य आहे.